‘मॅडम, अजून जोरात दाबा’

नाशकात थंडी पडली की माझ्याकडे दोन प्रकारची माणसं वाढतात. एक, पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर नाहीतर कृषीनगरच्या ट्रॅकवर धावणारी. दुसरी, निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत दिवसभर हात वर धरून उभी राहणारी. पहिल्यांना ‘स्पोर्ट्स मसाज’ हवा असतो, दुसऱ्यांना ‘जरा चोळून द्या’. टेबलावर पालथं पडल्यावर मात्र दोघांचं मागणं एकच : अजून जोरात. या अंकासाठी आलेल्या पत्रांतही हेच फिरून फिरून विचारलंय. म्हणून टाचदुखी, गुडघे आणि ‘उंची वाढेल का’ हे सगळं पुढच्या महिन्यावर ढकलून आज फक्त स्नायू आणि मसाज.

मी बेचाळीस वर्षांचा, सातपूरला कंपनीत नोकरी करतो. अर्धमॅरेथॉनची तयारी चालू आहे. पोटऱ्या कायम घट्ट असतात. दर रविवारी लांब पल्ला धावून झाल्यावर मसाज घेतो. मसाज करणारे म्हणतात, लॅक्टिक ॲसिड साचलंय, गाठी फोडाव्या लागतील. इतकं दुखतं की तोंडात टॉवेल धरतो. दोन दिवस बरं वाटतं, बुधवारी परत तेच. आठवड्यातून दोनदा घेऊ का? — एक धावक, सिडको

दोनदा नको. आहे तोही कमी करा. आणि तो टॉवेल आधी बाजूला ठेवा.

लॅक्टिक ॲसिडचं खापर अनेक वर्षं उगाच फुटतंय. जोराच्या व्यायामात रक्तातलं लॅक्टेट वाढतं हे खरं, पण थांबल्यावर साधारण तासाभरात ते पूर्वपदावर येतं. शरीर ते इंधन म्हणून वापरून टाकतं. तुम्ही धावणं संपवून मंडळींबरोबर मिसळ खायला बसता तेव्हा त्यातलं फारसं काही उरलेलं नसतं. सोमवार-मंगळवारी जे दुखतं ते वेगळं. स्नायू ताणला जात असताना त्याला वजन पेलावं लागलं, की त्याच्या धाग्यांना बारीक इजा होते आणि ते दुखणं २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं. हरिहर गडाच्या पायऱ्या चढताना दम लागतो, पण मांड्या भरून येतात त्या उतरल्यामुळे. दुसऱ्या दिवशी घरचा जिना कठड्याला धरून तिरकं उतरणारे ट्रेकर तुम्ही पाहिले असतील. ते दुखणं आपलं आपण जातं. मसाजने थोडं कमी होतं, हेही खरं.

आता गाठी. पोटरीवरून अंगठा फिरवताना एखादी जागा टणक लागते आणि तिथे दाबलं की तुम्ही टेबलावरून उठायला बघता. ती जागा खरी असते, मी नाकारत नाही. पण ती फोडण्यासारखी वस्तू नाही. तिथला स्नायू आखडलेला असतो आणि मुख्य म्हणजे ती जागा संवेदनशील झालेली असते. कोपराने रगडल्यावर ती ‘विरघळते’ ती मज्जासंस्थेने पकड सैल केल्यामुळे. दाब आणि स्पर्श मेंदूपर्यंत जातात, राखण जरा ढिली होते, दुखण्याचा उंबरठा वर सरकतो. परिणाम खराच, पण काही तासांचा, फार तर एक-दोन दिवसांचा. तुमचा बुधवार तिथून येतो.

दुखवून हेच साधत असतं तर गोष्ट वेगळी. पण टॉवेल चावणारा माणूस श्वास रोखतो, पायाची बोटं आवळतो, पोटरी उलट घट्ट करतो. मी तिथे अंगठा घालणार म्हणजे दोघांची कुस्ती. माझ्याकडे पद्धत अशी आहे : पोटरीच्या मध्यावर तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवायचा, सावकाश भार टाकायचा आणि तुम्हाला पाऊल वर-खाली करायला सांगायचं. स्नायू हाताखालून सरकताना कळतो. आधी तो तुटक, झटके देत सरकतो. पाच-सहा हालचालींनंतर गुळगुळीत. मग गुडघा वाकवायचा आणि तेच परत. कारण पोटरीत दोन थर आहेत. वरचा थर गुडघ्याच्या वरून निघतो, आतला गुडघ्याच्या खालून. गुडघा वाकवला की वरचा सैल पडतो आणि आतल्यापर्यंत हात पोचतो. धावणाऱ्यांची तक्रार बहुतेक आतल्याची असते आणि मसाज होतो वरच्याला. वेदनेला दहापैकी गुण द्यायचे झाले तर सहाच्या पुढे मी जात नाही. तुम्ही बोलू शकला पाहिजेत, नेहमीसारखा श्वास घेता आला पाहिजे.

तरी मूळ प्रश्न राहतोच : पोटरी घट्ट का होते? पुष्कळदा तिला झेपत नाही म्हणून. घट्ट वाटणारा स्नायू आखूडच असतो असं नाही, तो कमजोरही असतो. एक साधी चाचणी घरी करा. भिंतीला दोन बोटं टेकवून एका पायावर उभे राहा, गुडघा सरळ, टाच पूर्ण उचला, सावकाश खाली. न थांबता किती जमतात मोजा. तुमच्या वयाच्या धावकाला वीस-पंचवीसच्या आसपास जायला हवं. अर्धमॅरेथॉन धावणारी माणसं बाराव्या-तेराव्याला थरथरू लागतात, तेव्हा त्यांना स्वतःलाच नवल वाटतं. तुमचं तसं झालं तर उपाय पायरीवर आहे : आठवड्यातून तीन दिवस, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, टाचा उचला. जमू लागलं की पाठीवर सॅक घ्या, त्यात पुस्तकं भरा. फरक पडायला सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढा धीर धरा. बूट कधी बदलले आणि आठवड्याचं अंतर एकदम किती वाढवलं, हेही आठवून पाहा.

मसाज बंद करा असं मी म्हणत नाही. माझं पोट त्यावर आहे. पंधरवड्यातून एकदा घ्या, मजा वाटते म्हणून घ्या. स्पर्धेच्या आठवड्यात खोल मसाज शेवटचा तीन-चार दिवस आधी; आदल्या दिवशी नाही. स्पर्धेच्या सकाळी घ्यायचाच तर दहा मिनिटं, हलका, भरभर. वेग वाढेल ही आशा मात्र सोडा. २०२० साली आधीच्या २९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मसाजमुळे ताकद, उडी, वेग, दम यांपैकी कशातच फरक दिसला नाही. लवचीकता आणि नंतरचं दुखणं यांत थोडासा दिसला. म्हणजे आपण देतो तो आराम आहे. आरामालाही किंमत असते.

आणि हो, दुखणं पोटरीत नसून नडगीच्या हाडावर बोटाएवढ्या एका जागी असेल, तिथे दाबल्यावर कळ येत असेल, तर मसाजवाल्याकडे न जाता अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. हाडाला बारीक चीर असू शकते.

माझी आई पेठ तालुक्यातल्या टोळीबरोबर द्राक्षाच्या बागेत थिनिंगला जाते. आम्ही हंगामभर निफाडकडेच राहतो. रात्री तिची मान, खांदे आणि उजव्या हाताचा अंगठा फार दुखतो. मी रोज तेल लावून चोळते, पण अंगठ्याला हात लावला की ती ओरडते. मी चुकीचं चोळते का? — बारावीतली एक मुलगी

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. सांगते ते नीट वाच, कारण मानेचं दुखणं वेगळं आणि अंगठ्याचं वेगळं.

ज्यांनी थिनिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं : घड लागले की त्यातले जादा मणी लहान कात्रीने काढून टाकतात, म्हणजे उरलेले मोठे होतात. डाव्या हातात घड, उजव्या हातात कात्री, मान मागे, दोन्ही कोपरं खांद्याच्या बरोबरीने किंवा वर. एका घडाला जेमतेम मिनिटभर, लगेच पुढचा. टोळीला पैसे उक्ते मिळतात, झाडावर नाहीतर एकरावर, त्यामुळे कुणी थांबत नाही. व्यायामशाळेत एवढा वेळ हात वर धरायला सांगितला तर तरणीताठी पोरं हात टेकतील.

अशा कामात खांद्याचे स्नायू हलत नाहीत, नुसते धरून ठेवतात. हलणारा स्नायू रक्त आत घेतो, बाहेर ढकलतो. धरून बसलेल्या स्नायूत ते नीट फिरत नाही, म्हणून तो भरून येतो, जळजळतो. मानेच्या मागून खांद्याच्या पात्याकडे उतरणारी जी कड हाताला लागते, तिथेच आई बोट दाखवत असेल. तिथे तुझ्या चोळण्याने नक्की आराम पडतो. पद्धत थोडी बदल. आईला पाटावर बसव, पुढे स्टूल नाहीतर उलटी बादली ठेव, त्यावर घडी घातलेली गोधडी, आणि तिला त्यावर कपाळ टेकू दे. मान एकदा टेकली की तिचे स्नायू काम थांबवतात. डोकं न टेकवता चोळशील तर ते डोकं सावरत राहतात. मग अंगठ्याने टोचू नकोस. तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने मानेपासून खांद्याकडे, खांद्यापासून दंडाकडे, सावकाश. पाच-सात मिनिटं पुरेत. गळ्याच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर कधीही दाबायचं नाही. चोळून झाल्यावर तिला खांदे वर उचलून सोडायला सांग, दोन्ही हात मागे नेऊन पाती जवळ आणायला सांग, दहा-बारा वेळा. चोळल्याने जो मोकळेपणा येतो त्यात या हालचाली सोप्या जातात.

आता अंगठा. तिला अंगठा मुठीत धरायला सांग आणि मूठ करंगळीच्या बाजूला हळूच वाकवायला सांग. मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेला चमक उठली तर तिथल्या कंडरेच्या आवरणाला सूज आहे, असं समजायला हरकत नाही. कात्रीची उघडझाप दिवसात हजारो वेळा होते, त्याचं हे फळ. तिथे चोळायचं नाही. चोळून ती जागा आणखी चिडते, म्हणून आई ओरडते. अंगठ्याला आधार देणारा पट्टा मिळतो, तो रात्री आणि जमेल तितका कामातही वापरावा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. गोळ्या, पट्टा आणि गरज पडली तर तिथे द्यायचं इंजेक्शन, असा उपचाराचा क्रम असतो. हाताला मुंग्या येऊन रात्री जाग येत असेल तर तेही डॉक्टरांना सांग, तो वेगळा, नसेचा त्रास असू शकतो.

कामात काय बदलता येईल? कात्रीची धार आणि स्प्रिंग रोज बघायची. बोथट कात्रीला दुप्पट जोर लागतो आणि तो अंगठाच देतो. घड उंच असतील तर पायाखाली पक्का पाट घ्यावा, म्हणजे कोपर खांद्याच्या खाली येतं. पाट डगमगता नको. अर्ध्या-पाऊण तासाने हात खाली सोडून मिनिटभर झटकायचे. ते करायला उक्त्या कामात सवड कशी मिळणार, हा प्रश्न माझ्या टेबलावर सुटणारा नाही. पण बागायतदारांपैकी कुणी हे वाचत असेल तर सांगते : चांगल्या कात्र्या आणि चार पाट तुमच्या फवारणीच्या बिलापुढे काहीच नाहीत.

मसाजला कोणतं तेल उत्तम? तिळाचं, मोहरीचं की महानारायण? — एक आजी, पंचवटी

आजी, जे घरात आहे ते. तेल स्नायूत मुरत नाही, हात घसरावा म्हणून ते लागतं. तिळाचं कोमट करून लावलं की छान वाटतं, खोबरेल थंडीत थिजतं एवढाच त्याचा दोष. मोहरीचं काहींच्या कातडीला चुरचुरतं, आधी हातावर लावून बघा. मात्र तुम्ही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर चोळणाऱ्याला आधी सांगा. हलकंच चोळायला लावा, नाहीतर काळे-निळे डाग उठतात.

आम्ही सायकलवाले. कसारा घाट करून आलो की मांडीची बाहेरची बाजू गुडघ्यापर्यंत ताणल्यासारखी होते. फोम रोलरवर ती पट्टी रोज लाटतो, जीव जातो. आता मसाज गन घेण्याचा विचार आहे. घेऊ का? — नाशिक रोडचा एक ग्रुप

डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. त्यानंतर आपल्याकडे सायकली वाढल्या तशा माझ्याकडे मांड्याही वाढल्या, तेव्हा हा प्रश्न मला पाठ आहे.

ती पट्टी म्हणजे खुब्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत गेलेलं जाड, चिवट आवरण. स्नायूसारखी ती आखडत नाही आणि लाटून लांबही होत नाही. सतरंजी लाटण्याने लाटून वाढली तर ही वाढेल. २००८ साली काही संशोधकांनी गणिती मॉडेल करून पाहिलं : या आवरणात एक टक्का बदल घडवायला जो जोर लागेल तो माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचा निघाला. तुमच्या रोलरने तिथे मिळते ती फक्त वेदना.

लाटायचंच तर पट्टीला जे स्नायू जोडलेले आहेत ते लाटा. खुब्याच्या पुढचा कोपरा आणि कुल्ल्याचा वरचा-बाहेरचा भाग. प्रत्येक ठिकाणी मिनिट-दीड मिनिट पुरे. मग कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचला, तो कंटाळवाणा व्यायाम तुमच्यापैकी कुणी करत नाही हे मला माहीत आहे. आणि सीटची उंची तपासून घ्या. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. ग्रुपमध्ये एकाचाच एकाच बाजूचा गुडघा दुखत असेल तर आधी बुटाची क्लीट, म्हणजे पेडलला अडकणारा तळाचा तुकडा, बघा.

गनबद्दल : वाईट नाही, जादू नाही. हातांना आराम देते, मलाही देते. हाडावर, मणक्यावर, गळ्याच्या बाजूला, जांघेत आणि गुडघ्याच्या मागच्या खळगीत लावायची नाही. सहा जणांत एक घ्या, पुरते.

वडील अठ्ठावन्न वर्षांचे. मागच्या आठवड्यात बसने रात्रभर प्रवास करून आले. दुसऱ्या दिवसापासून डावी पोटरी दुखतेय, थोडी सुजलीय, हाताला गरम लागते. शेजारचे मालिशवाले म्हणतात नस चढलीय, दोनदा चोळलं की उतरेल. चोळून घेऊ का? — इंदिरानगर

नाही.

हे पत्र हाती आलं त्याच दिवशी संपादकांना फोन करायला लावला होता, छापून यायची वाट पाहिली नाही. इथे लिहितेय ते इतरांसाठी. बराच वेळ बसून प्रवास, शस्त्रक्रिया, प्लॅस्टर, आजारपणात अंथरुणाला खिळणं यांनंतर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखायला लागली तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, ते डॉपलर सोनोग्राफी सांगतील. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग, वाटेत कुठेही थांबायचं नाही. दोन्ही पोटऱ्या रोज धावल्यावर दुखतात ते वेगळं. अचानक एकच पोटरी, आणि तीही सुजून, हे वेगळं.

आमच्या क्षेत्रात हात कुठे लावायचा हे सगळे शिकतात. कुठे लावायचा नाही, हे कळतं तो माणूस शोधा.

मुलगी पंधरा वर्षांची, कबड्डी खेळते. सामन्यात मांडीवर समोरच्या मुलीचा गुडघा जोरात बसला. सर म्हणतात, लगेच रगडून घेतलं तर रक्त साकळत नाही. त्यांच्या ओळखीचे एक जण मैदानावर येऊन सगळ्या मुलींना मसाज देतात. दोन दिवस झाले, अजून वाकवता येत नाही. काय करावं? — एक पालक, सिन्नर

मुकामार लागल्यावर मांडीच्या स्नायूत रक्त उतरतं. ते ताजं असताना रगडलं तर रक्तस्राव वाढतो. शिवाय अशा जागी, क्वचित का होईना, स्नायूतच हाड तयार व्हायला लागतं. ते झालं की महिनोन्‌महिने खेळ बंद. पहिले तीन-चार दिवस तरी त्या जागेवर मसाज नको, गरम शेक नको, तेलही नको. सोसेल तितका गुडघा वाकवून, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, वरून क्रेप बँडेज, आणि दुखणार नाही इतपत हालचाल. आठवडाभराने बाजूच्या भागावर हलका हात चालेल. गुडघा वाकणं दिवसेंदिवस वाढायला हवं. दोन-तीन आठवड्यांनी ते वाढण्याऐवजी कमी होत असेल, मांडीत टणक गोळा लागत असेल तर एक्स-रे काढा. पायावर भारच टाकता येत नसेल तर आजच दाखवा.

तालमीतल्या पद्धतीबद्दल मला आदर आहे. कुस्ती झाल्यावर पहिलवान एकमेकांचं अंग रगडतात. त्यात शिस्त आहे आणि वर्षानुवर्षांचा हाताचा अभ्यास आहे. पण तिथला जुना वस्तादही ताज्या मारावर पोराला रगडू देत नाही.

पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात त्या गोष्टीबद्दल जास्त बोलायचंय. ‘ओळखीचे एक जण येऊन सगळ्या मुलींना मसाज देतात.’ हे कोण? शिक्षण काय? भौतिकोपचारतज्ज्ञ असतील तर राज्याच्या परिषदेकडे नोंदणी असते, नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात अपमान नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला मसाज देताना तिची स्वतःची संमती हवी, पालक किंवा दुसरी बाई समोर हवी, जेवढ्या भागाचा उपचार तेवढाच भाग उघडा हवा, आणि ‘नको’ म्हटल्यावर हात त्याच क्षणी थांबला पाहिजे. मांडीच्या आतल्या बाजूचा, जांघेजवळचा मसाज मैदानावर करायचाच नसतो. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्यपदक आणलं, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात आईबाप मुलींना मैदानावर पाठवताना पूर्वीइतके कचरत नाहीत. एका गैरप्रकाराने ते परत कचरायला लागतील. सरांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका, पालक-सभेत विषय काढा. चांगले सर असतील तर ते स्वतःच नियम करतील. मुलीलाही एकदा एकटीला विचारा, तिला तो मसाज हवा असतो का.

पाठीत उसण भरली की आमच्याकडे पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाकडून पाय लावून घेतात. आमच्या सासूबाई पायाळू, सकाळपासून रांग असते. माझा विश्वास नाही, पण लोकांना बरं वाटतं हे डोळ्यांनी पाहिलंय. यात काही तथ्य आहे का? — देवळाली गाव

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्या माझ्या धंद्यातल्याच.

उसण म्हणजे पाठीचे स्नायू अचानक आवळून येणं. वाकून घागर उचलली, शिंकलं, अंथरुणातून वेडंवाकडं उठलं, निमित्त काहीही पुरतं. पहिले दोन-तीन दिवस माणूस लाकूड होतो. बहुतेकांचं काही दिवसांत पुष्कळ उतरतं आणि काही आठवड्यांत पूर्ण बरं होतं, कुणी काही केलं तरी आणि न केलं तरी. माणूस पाय लावून घ्यायला जातो तो दुखणं शिगेला पोचल्यावर, म्हणजे ते उतरणीला लागायच्या बेतात असताना. श्रेय ज्याच्याकडे गेला त्याला. हेच मसाजलाही लागू आहे, मी नाकारणार नाही.

पण तेवढंच नाही. आपल्याला आता बरं वाटणार असा भरवसा वाटला की माणूस श्वास सोडतो, अंग सैल करतो, चालत घरी जातो. उसणीत भीतीने ताठ राहणं हेच सर्वांत वाईट, आणि चालणं हेच सर्वांत चांगलं. सासूबाईंच्या दारापर्यंत चालत जाणं आणि परत येणं, हा त्या उपचारातला मला सर्वांत आवडलेला भाग.

तेव्हा पाय टेकवण्यापुरता लागत असेल तर लागू दे. लाथ नको, पाठीवर उभं राहणं नको, आणि हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसांना तर मुळीच नको. घरी गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, दर तासाला चार पावलं, आणि दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरूण धरायचं नाही. रांगेतल्या कुणाला उसणीबरोबर लघवीवरचा ताबा सुटल्यासारखा वाटत असेल, बसायच्या जागी बधिरपणा असेल, पायातला जोर गेला असेल, ताप असेल किंवा पडल्यामुळे हे सुरू झालं असेल, तर सासूबाईंनी पाय न लावता रिक्षा बोलवावी आणि त्याला रुग्णालयात पाठवावं. हे त्यांना तुम्हीच सांगा. सून सांगते म्हणून नाही ऐकलं तर हे पान दाखवा.